‘ठ’वरून नाव सांगा!

भावाला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला : हस्त नक्षत्र, चौथा चरण, नावरसाचं अक्षर ‘ठ’. फोन ठेवून भाऊ माझ्याकडे वळला. “ताई, आत्या तू. बघ आता.”

चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो. म्हणजे या पोरीनं आणखी सहा तास दम धरला असता तर चित्रा नक्षत्राचं ‘पे’ मिळालं असतं. अठरा तास थांबली असती तर ‘रा’. मग राधा, रागिणी, राजश्री, घ्या हवं ते. उलट सहा तास घाई केली असती तर पदरात पडला असता ‘ण’! आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्यांना तर पंचांग ‘ङ’ देतं. ‘ङ’वरून सुरू होणारं नाव कुणाच्या ऐकिवात असेल तर कळवावं. त्या मानानं ‘ठ’ म्हणजे लॉटरीच.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी ‘ठुमरी’ सुचवलं. कुणीतरी ‘ठमा’ टाकून हसण्याच्या चार बाहुल्या जोडल्या. त्यानंतर सगळे गप्प. बारशाला नऊ दिवस होते. मी नावांच्या मागे लागले ती ‘ठ’साठी, पण ‘ठ’ बाजूलाच राहिला आणि हाताला भलतंच काही लागत गेलं. त्यातलं थोडं खाली.

नाकावरून गाव

आमच्या नाशिकचं नावच मुळी एका बाईच्या नाकावरून पडलंय. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, त्या नासिकेवरून नाशिक, ही गोष्ट पंचवटीतला रिक्षावाला रामकुंड यायच्या आत सांगून मोकळा होतो. नाव नऊ शिखरांवरून आलं असंही काही जण म्हणतात, पण कापलेल्या नाकापुढे शिखरांचं कोण ऐकतंय? मोगलांनी गावाचं ‘गुलशनाबाद’ करून पाहिलं. गुलशन म्हणजे बाग, आणि तेही बाईचंच नाव.

शूर्पणखेच्या नावाचा अर्थ सुपाएवढी नखं असलेली. बारशाला कुणी हे नाव घेत नाही, हे ठीकच. पण त्याच गोष्टीतल्या सीतेचा अर्थ तरी किती जणांना माहीत असतो? सीता म्हणजे नांगराच्या फाळानं जमिनीत उमटणारी रेघ. बाकी तिची नावं म्हणजे निव्वळ पत्ते. वैदेही विदेहाची, मैथिली मिथिलेची. सासू कैकेयी केकय देशाची. महाभारतात गेलं तर गांधारी गंधारची, माद्री मद्र देशाची, पांचाली पांचालांची. थोडक्यात, ‘नाशिककरीण’ हे तेव्हा राजघराण्यात चालणारं नाव होतं. इंग्रजीतल्या ‘लिडिया’चंही तेच : लिडिया नावाच्या देशातली बाई. तो देश आजच्या तुर्कस्तानात होता. देश गेला, नाव राहिलं.

रामायणातली एक जोडी तर फारच गमतीची आहे. ‘मंद’ म्हणजे हळू, त्यावरून मंदाकिनी, संथ वाहणारी. ‘मंथर’ म्हणजेही हळू, त्यावरून मंथरा. अर्थ जवळजवळ एकच, पण एक नाव पाळण्यात गेलं आणि दुसरं शिवी झालं. ही दोन्ही नावं नाशिकला चिकटलेली आहेत. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, आणि १९१३ साली त्यांनी चित्रपटांचा कारखाना थाटला नाशकात. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाचं काम केलं त्यांच्या मुलीनं. तिचं नाव मंदाकिनी. आणि १९८७ साली टीव्हीवरच्या रामायणात मंथरा होऊन जिनं घराघरातून बोटं मोडून घेतली, ती ललिता पवार जन्मली आपल्या येवल्यात, १९१६ साली. पाळण्यातलं नाव अंबा. अंबा म्हणजे आई. आईची ललिता झाली आणि शेवटी लोकांच्या तोंडी मंथरा राहिली.

फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, तारामतीचं काम करायला बाईच मिळेना म्हणून साळुंके नावाच्या गृहस्थांनी ते केलं, हे सर्वांना पाठ आहे. याच साळुंक्यांनी १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं केली. नवरा तोच, बायको तीच. लग्नानंतर नाव बदलायचा प्रश्नच आला नाही.

मनू काय म्हणाला, आणि नाशिकनं काय केलं

मुलीचं नाव कसं असावं? मनुस्मृतीत याचं उत्तर तयार आहे. उच्चाराला सोपं, कानाला गोड, मंगल, आणि शेवटचा स्वर दीर्घ. इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. पण त्याच ग्रंथात पुढे लग्नाच्या मुलीबद्दल सांगितलंय : नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पक्ष्याचं नाव असलेली मुलगी करू नये. म्हणजे रोहिणी बाद, रेवती बाद, तुळसाबाई बाद, मैना बाद. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, सगळ्या बाद.

मराठी माणसानं हा नियम वाचलाच नसावा, किंवा वाचून बाजूला ठेवला. जुन्या मतदारयादीचं एखादं पान काढा, भूगोलाचा तास सुरू झाल्यासारखा वाटतो : चंद्रभागाबाई, इंद्रायणी, भीमाबाई, कृष्णाबाई, तापीबाई. त्यांच्या खाली तीर्थक्षेत्रं : मथुराबाई, द्वारकाबाई, गोकुळाबाई. काशीबाई, प्रयागबाई आणि गयाबाई एकाच घरात बहिणी निघाल्या, की उंबरठा न ओलांडता त्रिस्थळी यात्रा.

नाशकात तर गावचं पाणी आणि गावच्या पोरी एकाच हजेरीपटावर आहेत. गोदावरी आहेच. तिला आम्ही रोजच्या बोलण्यात गंगा म्हणतो, “गंगेवर जाऊन येते” म्हणजे रामकुंडावर. पोथीप्रमाणे तिथे तिला अरुणा आणि वरुणा मिळतात. तपोवनात कपिला मिळते. वर त्र्यंबकला अहल्या मिळते. गोदावरीचंच दुसरं नाव गौतमी. गावातून वाहणारी नासर्डी कागदोपत्री आता नंदिनी झाली आहे. पाण्याला मात्र हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही, ते नासर्डीसारखंच वाहतं. अरुणा, वरुणा, कपिला, अहल्या, गौतमी, नंदिनी : पन्नास वर्षांपूर्वीचा मुलींच्या शाळेतला कुठलाही वर्ग.

तांदळातलं नाव

आपल्याकडे लग्नात एक ताट येतं. तांदूळ पसरलेलं. त्यात नवरदेव सोन्याच्या अंगठीनं एक नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, पेढा फिरतो. त्या क्षणापासून ती सुमती किंवा वैशाली किंवा जे काय असेल ते. ताट उचललं की तांदूळ हलतात आणि लिहिलेलं मिटतं. पण नाव लागतं ते लागतंच.

या ताटात किती नद्या जिरल्या याचा हिशेब मी मांडायला बसले. पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. दोन यमुना आणि एक गोदावरी, तीन नद्या तांदळात.

त्याच कर्व्यांच्या घरातली पुढची गोष्ट पाहा. १९०५ साली ब्रह्मदेशात एका मराठी घरात मुलगी झाली. तिथली मोठी नदी इरावती, म्हणून मुलीचं नाव इरावती. ती लग्न होऊन आली गोदूबाईंच्या मुलाच्या, दिनकररावांच्या, घरी. आणि इथे ताटातल्या तांदळाची डाळ शिजली नाही. सासूची नदी गेली होती, सुनेची राहिली. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्या याच. आणि ब्रह्मदेशातल्या त्या नदीचं नाव मुळात संस्कृतच आहे, ऐरावती. म्हणजे आपलंच नाणं रंगूनला जाऊन परत आलं.

उलटा प्रवासही झाला. दादासाहेब फाळक्यांनी १९०२ साली दुसरं लग्न केलं. मुलीचं नाव गिरिजा, ताटात झाली सरस्वती. इथे डोंगराची नदी झाली. याच सरस्वतीबाई पुढे फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक एकहाती सांभाळायच्या.

दोन लक्ष्मींची गंमत यापेक्षा भारी आहे. झाशीची राणी माहेरी मणिकर्णिका, घरात मनू, लग्नानंतर लक्ष्मी. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक? माहेरी मनकर्णिका, घरात मनू, लग्नानंतर लक्ष्मी. एकीनं तलवार घेतली, दुसरीनं लेखणी. मणिकर्णिका म्हणजे कानातला रत्नाचा दागिना. आणि मुलींच्या नावांवर एवढे नियम करून ठेवलेल्या मनूचं नाव दोघी पोरींनी खेळता खेळता वापरलं, हे मला फार आवडतं.

नाव बदलायला लग्नच लागतं असं नाही. लता मंगेशकर जन्मल्या तेव्हा हेमा होत्या. वडिलांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून त्या लता झाल्या.

पुस्तकातल्या बायका

मराठीत आपण ज्याला कादंबरी म्हणतो ते मुळात एका मुलीचं नाव आहे. बाणभट्टानं सातव्या शतकात लिहिलेल्या गद्यकथेची नायिका कादंबरी. कथा इतकी गाजली, की आपण तसल्या सगळ्याच पुस्तकांना तिचं नाव दिलं. संस्कृतात कादंबरीचा आणखी एक अर्थ आहे : मद्य. रात्री दोन वाजता “एवढं प्रकरण संपवते आणि झोपते” म्हणणाऱ्यांना हा अर्थ पटेल. मराठीतली पहिली कादंबरी १८५७ची, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. शीर्षकात पुन्हा यमुना!

विलायतेत लेखकांनी नावं सरळ घरी तयार केली. जोनाथन स्विफ्टनं एका मैत्रिणीच्या आडनावाचं पहिलं टोक आणि तिच्या लाडक्या नावाचा तुकडा जोडून ‘व्हनेसा’ बनवलं. आपल्याकडे आईबापांच्या नावातली अक्षरं जुळवून बाळाचं नाव करतात, तीच युक्ती, तीनशे वर्षं जुनी. ‘इमोजेन’ ही तर बहुधा छापखान्याची चूक. शेक्सपिअरनं लिहिलं असावं ‘इनोजेन’, खिळे जुळवणाऱ्यानं दोन ‘एन’चा एक ‘एम’ केला आणि तेव्हापासून पोरी त्या चुकीचं नाव लावून फिरतायत. गल्लीतल्या बालवाडीत हल्ली ‘मायरा’ एकीला दोन असतात. आईबाबा अर्थ सांगतात, गोड, अद्भुत वगैरे. फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीनं चारेकशे वर्षांपूर्वी आपल्या कवितांसाठी ते बनवलं.

सारखी दिसणारी, लांबची

काही नावं इतकी आपली वाटतात, की त्यांचा परदेशात दुसरा संसार आहे हे कळल्यावर जरा वाईटच वाटतं.

आपली शीला म्हणजे सुशील, चारित्र्याची. आयर्लंडची शीला आली सिसिलियावरून, आणि ती लॅटिनमधल्या ‘आंधळी’ या अर्थाच्या शब्दावरून. अनिता स्पॅनिश, छोटी आना. सोनिया रशियन, सोफियाचं लाडकं रूप. पण मराठी कानाला त्यात सोनंच ऐकू येतं, आणि आपण ‘सोनियाचा दिनु’ म्हणतच आलोय. स्पेनमध्ये ‘मीरा’ अशी हाक मारलीत तर लोक इकडेतिकडे बघतील, कारण तिथे ‘मीरा’ म्हणजे “बघ!”. कमलाताईंनी फिनलंडला जाताना मन घट्ट करावं. फिनिश भाषेत ‘कमला’ म्हणजे भयंकर.

बालवाडीतल्या मायराच्या शेजारी बसते ती कियारा. तिच्यात दोन नावं मिसळली आहेत. आयरिश बाजूनं अर्थ काळीसावळी, इटालियन बाजूनं उजळ. शामला आणि उज्ज्वला एकाच दप्तरात.

खरी सख्खी नाती वेगळीच निघतात. तारा, लॅटिनमधली स्टेला, फारसी सितारा ह्या एकाच मूळ शब्दाच्या लेकी. ग्रीकांची उषादेवी इऑस आणि रोमनांची अरोरा ह्या आपल्या उषेच्या चुलत बहिणी. रशियातली स्वेतलाना आणि आपली श्वेता एकाच घरातल्या. रशियातच व्हेरा, नादेज्दा आणि ल्युबोव्ह ही तिन्ही नावं एकत्र येतात : श्रद्धा, आशा, प्रीती. दादरच्या चाळीतल्या तीन बहिणीच वाटतात. लैला म्हणजे रात्र. म्हणजे आपली रजनी, निशा, यामिनी, शर्वरी, किंवा बाळूताई खऱ्यांनी टोपणनावात घेतलेली विभावरी. या नावानं त्यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिलं आणि लेखिका कोण म्हणून अख्खा महाराष्ट्र शोधात फिरला.

गुलाबबाईंना हे सांगायचं धाडस मात्र मला होणार नाही. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे फूल नव्हे, गुलाबपाणी.

मार्गारेट म्हणजे मोती. रीटा हे तिचंच शेपूट. आणि आपल्याकडे मोती म्हणजे मुक्ता. पण मुक्ताईच्या नावात मोत्यापेक्षा मुक्तीच जास्त. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी उभं राहून चार भावंडांची नावं ओळीनं म्हणून बघा. निवृत्ती, ज्ञान, सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ता. पाळण्यातली नावं आहेत की मोक्षाचा नकाशा?

नको झालेली

चटपटीत लिहिताना हा भाग टाळता आला असता. टाळत नाही, थोडक्यात सांगते.

मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडाबाई, भिकाबाई अशी नावं ठेवायची रीत होती. यमाला वाटावं, हे काय न्यायचं! यात निदान माया आहे. ‘नकुसा’, ‘नकोशी’त तीही नाही. २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. कुणी सावित्री झाली, कुणी थेट ऐश्वर्या. चीनमध्ये ‘चाओ-दी’ नावाच्या मुली असत. अर्थ, धाकट्या भावाला बोलावून आण. हरयाणात एका घरानं ही शेवटची मुलगी असू दे म्हणून नाव ठेवलं अंतिम. ती अंतिम पंघाल २०२२ साली वीस वर्षांखालच्या गटात कुस्तीची जगज्जेती झाली. असा मान मिळवणारी भारताची पहिली मुलगी.

  

वारावरून

सुरगाणा, पेठकडच्या आदिवासी घरांत जन्मवारावरून नावं ठेवतात. सोमवारची सोमी, मंगळवारची मंगळी, बुधवारची बुधी. पत्रिका नको, ‘ठ’ नको, कॅलेंडरकडे बघितलं की झालं. आफ्रिकेत घानामधले आकान लोक नेमकं हेच करतात : मंगळवारची अबेना, बुधवारची अकुआ, शनिवारची आमा. आमची बाई शुक्रवारची. तिकडे जन्मली असती तर अफुआ. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, “‘ठ’ला पर्याय म्हणून वाईट नाही.”

बाटली, कवी आणि दगड

बायकांची नावं कुठे कुठे जाऊन टिकतात हे बघायला नाशिकसारखं गाव नाही.

राघोबादादांनी गावाबाहेर वाडा बांधला, ते आनंदवल्ली. नाव त्यांच्या पत्नी आनंदीबाईंवरून पडलं असं सांगतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा जिच्या माथी मारली गेली, तिच्या नावाच्या बसथांब्यावर आज कॉलेजची पोरं उभी असतात.

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत. तिथल्या सुला वाइनच्या लेबलावर सूर्याला मिशा आहेत, पण नाव मालकांच्या आईचं, सुलभा. सुलभा म्हणजे सहज मिळणारी. वाइनच्या दुकानात हे नाव शोभतं, पण महाभारतातली सुलभा अजिबात सोपी नव्हती. ती होती संन्यासिनी. मिथिलेच्या जनकाच्या दरबारात जाऊन तिनं राजाला वादात गप्प केलं होतं.

आणि कुसुमाग्रज. नाशिकचं सगळ्यात मोठं नाव, ज्यांच्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन करतो. वि. वा. शिरवाडकरांना भाऊ बरेच, बहीण एकच, कुसुम. म्हणून ते कुसुमचे अग्रज. मराठीतल्या एवढ्या मोठ्या कवीनं स्वतःची ओळख काय सांगितली, तर कुसुमचा दादा! आमच्या घरात मी हे वाचून दाखवलं तेव्हा भावानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पण सगळ्यांत टिकाऊ काम पांडवलेण्यात आहे. पायऱ्या चढून दम लागला, की तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत बसा आणि भिंतीकडे बघा. ब्राह्मी अक्षरांत तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. नातू पुळुमावी गादीवर, आणि ही आजी भिक्षूंना लेणं दान करताना आपल्या मुलाचं कौतुक ओळीमागून ओळी कोरून घेते. मुलगा कोण? गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या नावात आधी आई आहे. नातवाच्या नावातही त्याची आई आहे, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. थोडं पुढे दहाव्या लेण्यात आणखी एक बाई भेटते, दक्षमित्रा. नहपान क्षत्रपाची मुलगी, उषवदाताची बायको. तिनं एक खोली दान दिली आणि तसं लिहून ठेवलं. बाप शक, नाव अस्सल संस्कृत. तांदळावर अंगठी फिरवायची पद्धत कधी सुरू झाली असेल ती असो, या बायकांनी छिन्नी वापरली होती.

आता सरकारही फिरून तिथेच आलंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सातवाहन दोन पावलं पुढे होते एवढंच.

बारसं

बाराव्या दिवशी हॉल भरला. पाळण्यावर थर्माकोलची अक्षरं लावायची जागा रिकामीच, कारण नाव अजून ठरत नव्हतं. वहिनीला ‘इरा’ हवं होतं. भावाला ‘गौतमी’. मामा अजून ठुमरीवरच.

आजी कोपऱ्यात खुर्चीवर होती. वय ब्याण्णव. रेशनकार्डावर, आधारवर, दरवाजावरच्या जुन्या पाटीवर ती सुमती. बाळाला तिच्या मांडीवर दिलं तेव्हा तिच्या डाव्या हाताची बाही वर सरकली आणि गोंदण दिसलं. आता ते शेवाळासारखं हिरवट झालंय, कडा पसरल्यात. लहानपणापासून मी ते ‘गादा’ असं वाचत आले आणि हा काय शब्द म्हणून कधी विचारलंही नाही. त्या दिवशी विचारलं.

“गादा नाही गं, गोदा. माझं नाव.”

सात वर्षांची असताना वणीच्या जत्रेत आईनं गोंदवून घेतलं होतं. ‘ग’ झाला, काना झाला, पुढचा ‘दा’ही झाला. शेवटी ‘गो’ची मात्रा काढताना सुई जास्त टोचली तशी हिनं हात मागे ओढला आणि पळाली. मात्रा राहूनच गेली. पुढे सहा-सात वर्षांनी लग्नात तांदळाचं ताट आलं आणि सुमती झाली. पंच्याऐंशी वर्षं ती एक अपुरा शब्द हातावर घेऊन फिरतेय आणि घरात कुणाला पत्ता नाही.

“मग गोदाच ठेवू या का?” मी विचारलं.

आजीनं बाळाकडे नीट बघितलं. “माझं मला असू दे. हिचं अक्षर काय आलंय?”

“ठ.”

“मग एवढा विचार कसला? ठकी.”

वाकून मी बाळाच्या कानात ‘गौतमी’ सांगितलं, कुर्र केलं, पाठीत सगळ्यांचे गुद्दे खाल्ले. महापालिकेच्या फॉर्ममध्ये तेच आहे, त्यापुढे तिच्या आईचं नाव आहे. वहिनी तिला इरा म्हणते. मामा अर्थातच ठुमरी. ती आता पाच महिन्यांची आहे आणि यांतल्या कुठल्याच हाकेला वळून बघत नाही. फक्त आजीनं खाटेवरून “ठके!” म्हटलं की मान फिरते.